थांबलेल्या पाण्याचा मासा

चिलापीला शिव्या देणं हल्ली फार सोपं झालंय. नांदूरमध्यमेश्वरला गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघायला येणारे देतात. मासळी बाजारात पाटीपुढं उभं राहून नाक मुरडणारे देतात. नदी वाचवा म्हणून व्यासपीठावरून बोलणारे तर हमखास देतात. परकी जात, घुसखोर, हिनं आमचे गावठी मासे संपवले, हिनं गोदावरी खाल्ली. टाळ्या पडतात. मासा काही उलटून बोलत नाही, आणि तो मासा पकडून ज्याची चूल पेटते तो माणूस अशा सभेला बोलावलेला नसतो.

मी गंगथडीचा माणूस. दारणा गोदावरीला मिळते तिथून थोडं खाली, निफाड तालुक्यात आमचं गाव. आमच्याकडं गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. घरची द्राक्षबाग, पण लहानपण गेलं ते भोयांच्या आळीत, त्यांच्या जाळ्यांच्या गुंत्यात. पाण्यातून काय निघतं आणि काय निघेनासं झालं, ते तेव्हापासून बघत आलोय. त्या बघण्याच्या जोरावर सांगतो, चिलापीनं नदी खाल्लेली नाही. नदी आधीच गेली होती. चिलापी तेराव्याच्या पंगतीला आली.

ती आली कशी, तेही बघू. चिलापी म्हणजे तिलापिया. मूळची आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याकडची, मोझांबिकच्या बाजूची. पर्च म्हणून जो काटेरी पाठीच्या माशांचा मोठा गोतावळा आहे त्यात शास्त्रवाले हिला पूर्वी बसवायचे. ज्यानं कधी चिलापी साफ केली असेल त्याला ते पुस्तक न वाचताही पटेल, पाठीवरचा तो काटा बोटात गेला की रात्रभर ठणकतो. 1952 साली ही जात श्रीलंकेतून आजच्या तामिळनाडूतल्या मंडपमला आणली. आणणारे काही वेडे नव्हते. देश नुकता स्वतंत्र झालेला, धान्य परदेशातून यायचं, गरिबाला स्वस्तात चार घास मासळी मिळावी हा हेतू. मासा काटक, भराभर वाढणारा, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तगणारा. मग हा तलाव, तो तलाव करत तो पसरला. सातच वर्षांत, 1959 मध्ये, देशाच्या मत्स्यसंशोधन समितीनं हात वर केले आणि हिचा प्रसार करू नका असं ठरवलं. पण परिपत्रक माशाला वाचता येत नाही आणि माणसाला वाचायचं नसतं. बंदी कागदावर राहिली, चिलापी पाण्यात.

म्हणून घुसखोर हा शब्द मला खटकतो. घुसखोर कुंपण तोडून येतो. हिला डब्यात घालून, आगगाडीनं आणि मोटारीनं आणून, हातानं सोडलेली आहे.

आता त्या गावठी माशांची गोष्ट, ज्यांच्या नावानं गळे काढले जातात. विल्यम साइक्स नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी कंपनी सरकारच्या नोकरीत दख्खनभर हिंडला आणि त्यानं इथल्या नद्यांतल्या माशांची नोंद केली. ती 1839 साली छापून आली. गंमत अशी की माशांना शास्त्रीय नावं देताना त्यानं इथल्या कोळ्या-भोयांच्या तोंडचीच नावं उचलली. आपल्या महाशीराच्या नावात आजही ‘खुद्री’ आहे, म्हणजे आपली खडशी. एकाच्या नावात ‘कोलस’ आहे, एकाच्या ‘मुल्या’, एकाच्या ‘शिंगटी’, एकाच्या ‘नुक्ता’. जगातल्या कुठल्याही देशातला मत्स्यशास्त्रज्ञ हे मासे आजही मराठी नावानं ओळखतो. आमच्या गावातल्या पंचविशीच्या पोराला विचारा. तो दोनच नावं सांगेल, कटला आणि चिलापी. आणि त्यातला कटलाही त्या पाण्यातला नव्हे. तो सरकारी बीजाचा, हंड्यातून आणून सोडलेला.

शंभर वर्षांनी, 1938 साली, होरा आणि मिश्रा या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी नाशिकजवळ देवळालीला दारणेच्या पाण्यात एक नवाच मासा नोंदवला. बोटाएवढा, वाहत्या पाण्यातल्या दगडांच्या आसऱ्यानं राहणारा. इंग्रजीत त्याच्या नावातच देवळाली आहे. देवळालीची तोफखान्याची छावणी सगळ्या देशाला ठाऊक आहे, देवळालीचा मासा देवळालीतल्या लोकांनाही ठाऊक नाही. आज तो जगाच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून लावलेला आहे. नांदूरमध्यमेश्वरला रामसरचा दर्जा मिळाल्याचं जानेवारी 2020 मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा म्हणून पेढे वाटले गेले, त्या नोंदीतही या माशाचं नाव आहे. पक्ष्यांसाठी तिथं मनोरे उभे राहिले. या बोटभर माशासाठी कुणी काय केलं, ते मला अजून दिसलेलं नाही.

हे मासे कशानं गेले? या प्रश्नाचं उत्तर आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्यानं मला कधीच देऊन ठेवलंय. सगळे त्यांना बाबा म्हणायचे. आयुष्य जाळ्यावर गेलं, अक्षर ओळख नाही. मी कॉलेजातून शिकून आलो होतो, चिलापीवर तावातावानं बोलत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आरं, ती काय करती बिचारी? लेकरं तोंडात घिऊन हिंडती. तिला थांबलेलं पानी लागतं, ते तुम्ही दिलं. आपल्या माशाला चालतं पानी लागायचं, ते तुम्ही न्हेलं. मंग कोन राहील?”

यापेक्षा नेमकं मी कुठल्या अहवालातही वाचलेलं नाही. आपले नदीचे मासे, खडशी घ्या, कोळस घ्या, यांचं सगळं आयुष्य चालत्या पाण्यावर बेतलेलं. मृगाचा पाऊस पडला, गढूळ लोंढा आला की ते उलट्या दिशेनं वर चढायचे. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. वर ओढ्यात, वाळूत, गोट्यात अंडी घालायची आणि पिल्लं पुराबरोबर खाली यायची. वाळू हवी, लोंढा हवा, वर जायला वाट हवी. यातलं एक जरी तुटलं तरी पुढची पिढी नाही. चिलापीला यातलं काहीच लागत नाही. नर काठाच्या उथळ पाण्यात ताटलीएवढा खड्डा करतो. मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पिल्लं सुटी होईपर्यंत ती जवळजवळ उपाशी असते. ना पूर हवा, ना वाळू, ना चढण. दोन-तीन महिन्यांच्या वयात वीण सुरू, आणि वर्षातून कितीदा तरी. शेवाळ, गाळ, किडे, जे मिळेल ते खाऊन राहते. हा थांबलेल्या पाण्याचा मासा आहे.

आणि पाणी थांबवलं कुणी? नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा 1907 ते 1913 या काळात बांधला गेला. दारणेचं धरण 1916 चं. स्वातंत्र्यानंतर गंगापूर झालं, मग एकामागून एक धरणं, मध्ये जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. मी धरणांच्या विरोधात नाही. आमची बाग कालव्याच्या पाण्यावर उभी आहे, निफाडची द्राक्षं आणि कोपरगाव-राहात्याचा ऊस याच पाण्यावर पिकतो. पाणी अडवलं म्हणून चार पिढ्या जेवल्या. पण हिशेब मांडायचा तर पुरा मांडा. नदी होती ती डबक्यांची माळ झाली. धरण भरलं की सोडायचं, आवर्तन असलं की कालव्यात वळवायचं, एरवी खाली कोरडं पात्र आणि मध्ये मध्ये साचलेलं हिरवं पाणी. चढणीला निघालेल्या माशाच्या तोंडावर सिमेंटची भिंत.

त्या साचलेल्या पाण्यात भर कशाची? नाशिक शहराची. गावाचं महानगर झालं आणि नासर्डीची नाली झाली. ज्या रामकुंडात अस्थी सोडायला देशभरातून लोक येतात तिथं पात्राच्या तळालाच काँक्रीट घातलं. सायखेड्याला, चांदोरीला पानवेलीचा गालिचा असा पसरतो की नवख्याला वाटावं गवताचं रान आहे. पानवेल फुकट वाढत नाही, तिला मैल्याचं खत मिळतं. त्यात आमच्या बागांमधून वाहून येणारं मोरचूद आणि फवारणीची औषधं. वाळू तर रात्रीच्या रात्री ट्रॅक्टरनं उपसून नेली. अंडी घालायची ती कशात, डांबरात? अशा पाण्यात देवळालीचा मासा का नाही म्हणून विचारायचं आणि चिलापी का आहे म्हणून रडायचं, याला काय म्हणावं!

हीच गोष्ट भीमेवर उजनीला बघा. वरून पुण्याचं सांडपाणी, खाली मोठं थोरलं थांबलेलं पाणी. भिगवणच्या बाजारात मासळीच्या ढिगाऱ्यात चिलापी किती असते ते एकदा सकाळी जाऊन डोळ्यांनी बघून या. नदी वेगळी, जिल्हा वेगळा, हिशेब तोच.

इथं कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही चिलापीची वकिली करताय. मुळीच नाही. चिलापी दुसऱ्याच्या ताटातलं खाते, हे खरं आहे. राजस्थानात जयसमंद तलावात ती शिरल्यावर मोठ्या माशांचं वजन घटलं, महाशीर दिसेनासा होत गेला, हे नोंदलं गेलेलं आहे. दाटी झाली की ती स्वतःही खुरटते, हाताच्या पंजाएवढी राहते आणि वीण मात्र चालूच. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात तर नाईल पर्च नावाचा राक्षस 1950 च्या दशकात सोडला आणि तिथल्या शेकडो लहान जातींचा फडशा पडला. तेही कुणीतरी भल्यासाठीच केलं होतं. म्हणून परका मासा कुठल्याही पाण्यात सोडू नये, या मताचा मी पक्का आहे. माझं भांडण चिलापीला आरोपी करून खरे आरोपी सोडून देण्याशी आहे.

आता सरकारी उत्तर ऐका. पाण्यात मासळी कमी झाली ना, मग पिंजरे लावा. जलाशयात पिंजऱ्यातली मत्स्यशेती करा, अनुदान घ्या. पिंजऱ्यात काय वाढवायचं, तर पंगस आणि सुधारित चिलापी. तिचं नाव ‘गिफ्ट’. नाव ऐकून वाटावं दिवाळीची भेट आहे. या गिफ्टला अटी आहेत, नुसते नर असलेलं बीज हवं, पाणी बाहेर जातं तिथं जाळ्या हव्यात. अटी चांगल्या आहेत. पण ऑगस्ट 2019 मध्ये सायखेडा आणि चांदोरी पाण्याखाली गेली तेव्हा मी इथं होतो. दुकानांची लोखंडी शटरं वाकली होती. त्या लोंढ्यात नायलॉनची जाळी किती टिकेल ते अट लिहिणाऱ्यानं येऊन सांगावं. 1952 ची गोष्ट तीच माणसं तशीच पुन्हा सांगताहेत, फक्त मासा सुधारलाय.

आणि हे एकट्या मत्स्य खात्याचंच आहे असं नाही. डासांवर उपाय म्हणून हौदात, डबक्यात गप्पी मासे सोडतात, तोही परका. घरातल्या काचपेटीतला मासा मोठा झाला की पुण्य लागेल म्हणून गंगेत सोडणारे शहरात कमी नाहीत. बंदी असलेला आफ्रिकन मांगूर शेततळ्यात चोरून वाढतोच आहे. या सगळ्यांवर सभेत कुणी बोलत नाही, कारण ते सगळे सभेत बसलेले असतात.

मग राहतं कोण, तर मासे मारणारा. त्याच्यावर बोलणं बिनधोक. बारीक आसाची जाळी लावतात, पिल्लं मारतात, औषध टाकतात. औषध टाकणारे, जिलेटिनचा बार उडवणारे आहेत, आणि त्यांना दया दाखवू नये. त्यासाठीचा कायदा महाराष्ट्रात 1960 पासून आहे, तो वापरा की. पण आमच्या आळीतल्या माणसाच्या हातात बारीक आसाचं तंगूस का आलं, तेही विचारा. मोठ्या आसात अडकायला मोठा मासाच उरला नाही. रात्रभर ट्यूबवर बसून, थंडीत पाय पाण्यात सोडून, सकाळी पाटीत पंजाएवढ्या चिलाप्या. तेवढ्यावर घर चालतं.

त्यात ठेका. आमच्या जवळच्या एका तलावाचं सांगतो, नाव घेत नाही. कागदावर स्थानिकांची संस्था, व्यवहार बाहेरच्या माणसाचा. मासा धरायचा भोयानं, भाव ठरवायचा त्यानं. ओळखीच्या एका पोराला चार मरळी घरी नेताना अडवलं, जाळं काढून घेतलं, चोर म्हणाले. ज्याच्या पणज्याचं जाळं त्या नदीत होतं तो चोर, आणि ज्यानं पाण्यात कधी पाय घातला नाही तो मालक. ठेकेदाराला कटला हवा, वर्षात वजन भरतो म्हणून. मुऱ्या, मळ्या, शिंगटी हा त्याच्या लेखी कचरा. ज्या पाण्याचा मालक पाच वर्षांपुरता असतो तो दहा वर्षांनी काय उरेल याचा विचार कशाला करेल? गावठी मासा टिकावा असं वाटणारा एकच माणूस त्या पाण्यावर होता, आणि त्यालाच आपण तिथून उठवलं.

आणखी एक सांगायचंय, ते जरा कडू आहे. चिलापीला नाकं मुरडताना पुष्कळदा ती खाणाऱ्यालाच नाक मुरडलेलं असतं. पापलेट खाणारा शहाणा, चिलापी खाणारा अडाणी. धरणात जमीन गेलेला कोळी, विटभट्टीवरचा आदिवासी, बागेत छाटणीला आलेला मजूर, यांच्या बायका आठवडे बाजारात संध्याकाळी उरलेल्या पाटीपाशी भाव कमी होण्याची वाट बघत उभ्या असतात. त्यांच्या पोरांच्या अंगाला जे काही लागतं त्यात या माशाचा वाटा आहे. 1952 चा तो हेतू इतका तरी खरा ठरला. उद्या चिलापी संपवायची मोहीम काढलीत, तर त्या बाईच्या कालवणात काय घालायचं ते आधी ठरवा.

मग करायचं काय? मला विचाराल तर मागण्या लांबलचक नाहीत. जलाशयात नवं परकं बीज सोडणं थांबवा, पिंजरे लावायचेच तर नदीशी संबंध नसलेल्या तळ्यात लावा. पहिल्या पावसात चढण सुरू असते तेवढे दिवस नदीत जाळं नको, आणि त्या दिवसांची मजुरी मासेमाराला द्या, तो आनंदानं घरी बसेल. ठेका खऱ्याखुऱ्या मासेमारांना द्या, आणि त्याच ठेक्यात गावठी मासा राखायची जबाबदारी लिहा. लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर महाशीराची पिल्लं गेली कित्येक वर्षं तयार होतात, म्हणजे आपला मासा वाढवता येतो, विद्या आहे. पण त्या पिल्लांना सोडायला वाहतं पाणी लागेल, आणि मूळ मागणी तीच आहे.

गोदावरीच्या पाण्यावर आजवर किती भांडणं झाली! नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा, ऊस विरुद्ध द्राक्ष, कारखाने विरुद्ध शेती, गंगापूर आणि दारणेतून जायकवाडीला किती सोडायचं यावर मोर्चे निघाले, कोर्टात गेले. प्रत्येकाचा वाटा लिहिलेला आहे. नदीचा वाटा कुठल्या ओळीत आहे? 2018 मध्ये केंद्र सरकारनं उत्तरेतल्या गंगेत किती पाणी वाहतं राहिलंच पाहिजे याची अधिसूचना काढली. तिथंही भागतंय असं नाही, पण निदान नदीला पाणी लागतं हे सरकारी कागदावर आलं. त्या कागदात आमची गंगा नाही.

आमच्याकडं दरवर्षी कालवा सल्लागार समितीची बैठक होते. आमदार असतात, पाणीवापर संस्थांचे पदाधिकारी असतात, अधिकारी असतात. रब्बीचं आवर्तन किती, उन्हाळी किती, पिण्याचं किती, यावर टेबलं बडवली जातात. त्या बैठकीत एकानं तरी उठून म्हणावं, एक आवर्तन नदीच्या नावानं लिहा. कालव्यात जाणारं नको, पात्रातून वाहणारं. फेब्रुवारी ते मे रोज थोडं थोडं. आणि ते मागणाऱ्याच्या शेजारची खुर्ची आमच्या आळीतल्या एका मासेमाराला द्या, म्हणजे पाणी खरंच वाहिलं की कागदावरच वाहिलं, ते पुढच्या बैठकीत तो सांगेल.

हे मागायची तयारी नसेल तर चिलापीला शिव्या देऊ नका. दोन कांदे बारीक चिरा, लसूण-खोबऱ्याचं वाटण लावा आणि गुमान खा. जसं पाणी ठेवलंत तसा मासा मिळालाय.